फुलपाखरू हवं, अळी नको!

"काकू, तुमच्याकडे इतकी फुलपाखरं, आमच्याकडे का नाहीत हो?" माझे फोटो बघून शेजारीण विचारत होती. हातात फवारणीचा पंप! तिच्या लिंबूच्या झाडाची पानं अळ्यांनी खाल्ली म्हणे. अहो, खाणारच! नीलवंत, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, अंडी घालतं तेच मुळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. कोवळी अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. (मीही पूर्वी शीट समजून पानं पुसली आहेत, खोटं कशाला बोलू?) चिमणीसुद्धा पिलांना दाण्यांपेक्षा अळ्या-किडेच भरवते. आपल्याला मात्र फोटोपुरतं फुलपाखरू हवं, आणि पान अखंड!

म्हटलं, "अगं, चार पानांनी झाड मरत नाही. ठेव तो पंप."

ठेवला नाही. आज मुद्दाम आमच्या लिंबूच्या कुरतडलेल्या पानांचा फोटो टाकते आहे.