आधी थांबायचे बघा!

हल्ली आमच्या भाचेरावांना जुन्या पद्मिनीची 'रेसिंग कार' करायची आहे. त्यासाठी म्हणे इंजिनात नवे रॉकर आर्म हवेत. आमचा या खुळाला जाहीर विरोध आहे.

रॉकर आर्म म्हणजे तरी काय? बागेतला सीसॉ! एका टोकाला कॅमचा धक्का बसला की दुसरे टोक व्हॉल्व्ह उघडते. प्रमाण १.५ असेल, तर ६ मिलिमीटरच्या धक्क्याला व्हॉल्व्ह ९ मिलिमीटर उघडतो, १.६ चा आर्म घातला तर ९.६. इंजिन मोठा श्वास घेते हे कबूल. पण जुन्या स्प्रिंगांना तेवढे झेपेल का? व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर? बिल अर्थात तीर्थरूपांच्या नावे!

खरी सुधारणा बघायची तर बारामती एमआयडीसीत बघा. तिथे पियाजिओच्या कारखान्यात २०१२ साली व्हेस्पा बनू लागली. तिच्या १२५ सीसी इंजिनात रोलरवाला रॉकर आर्म आला. कॅमवर घासण्याऐवजी रोलर फिरतो, घर्षण घटते. मंडईत निघालेल्या वहिनींना त्याचा पत्ताही नसतो. सुधारणा अशी असावी!

आणि वेग वाढवून जायचे कुठे? हंगामात भिगवण रस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली, तीही रात्री बिनदिव्याची. पद्मिनीच्या चारी चाकांना ड्रम ब्रेक. ते सुधारायचे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही! भाचेराव, ट्रॉलीला तुमचे ९.६ दिसत नाहीत हो.