ट्रंकेतला कागद



आमच्या मामंजींचं तेरावं आटोपलं आणि सासूबाईंनी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडायला सांगितली. धोतराच्या घड्यांखाली नेत्रदानाचा भरलेला अर्ज निघाला. खाली मामंजींची वळणदार सही! सासूबाई मटकन खालीच बसल्या. "अगं, मला एका शब्दानं बोलले नाहीत गं," एवढंच म्हणाल्या. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. आम्हाला कळलं तेराव्या दिवशी!

म्हणून आज लोणची-पापड बाजूला ठेवून हे सांगतेय.

नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी होतं. चष्मा, मधुमेह, रक्तदाब आड येत नाहीत. नेत्रपेढीला लगेच फोन करावा. पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवावं आणि डॉक्टरांचा दाखला तयार ठेवावा. चेहरा विद्रूप होत नाही.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचं वेगळं. मेंदू मृत झालेला, पण कृत्रिम श्वासावर ठेवलेला रुग्ण इस्पितळात असेल, तरच बहुतेक ते देता येतात. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून मगच मेंदू मृत झाल्याचं ठरवतात. उगीच घाई होईल ही भीती नको.

"डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं यावं लागतं," असं आमच्याकडे अजून म्हणतात. पण याच जामखेडात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी खेड्यातल्या साध्यासुध्या, कित्येक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. त्या बायकांनी घरोघरी बसून, बोलून बोलून किती जुन्या समजुती घालवल्या! मग आपल्याला आपल्याच घरात बोलायला काय हरकत आहे?

आता 'नोट्टो' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकानं अवयवदानाची नोंदणी करता येते. जरूर करा. पण लक्षात ठेवा, त्या वेळी विचारतात ते घरच्यांनाच. यजमानांना, मुलांना, सुनांना आधीच सांगून ठेवा.

सासूबाईंनी परवा स्वतःचा अर्ज भरला. ट्रंकेत नाही ठेवला. स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलाय, नेत्रपेढीच्या फोन नंबरासकट.