बर्फाच्या पाण्यातले रबर

दाबलेले रबर सोडले की फुगते. थंडीत मात्र त्याला वेळ लागतो. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधल्या रबरी कडीला तेवढा वेळ मिळाला नाही. सांध्याची फट उघडी राहिली, ७ जण गेले. पुढे फाइनमन यांनी चौकशी आयोगापुढे रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. वर्गात हा प्रसंग मीही रंगवून सांगत असे. आता वाटते, माझे चुकलेच. कौतुक आधी रॉजर बोइजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हवे होते. हे अभियंते आदल्या रात्रीच सांगत होते, सुमारे १२ अंशांखाली उडवू नका. कंपनीचे वरिष्ठही आधी ‘नको’ म्हणाले. मग पाच मिनिटे मागून घेतली, अर्ध्या तासाने परतले आणि म्हणाले, उडवा.