पहिली सुई अड्याळातच लागू द्या

मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य



साहेब, या पत्रात मागणं एकच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळ परिसरात कुणाला विषारी साप चावला, तर प्रतिविषाची पहिली मात्रा त्याला अड्याळच्या ग्रामीण रुग्णालयातच मिळावी आणि ती देणाऱ्या डॉक्टरमागे आपलं खातं उभं असावं. मागणं लहान वाटेल. पण मुंबईत ठरलेलं आरोग्य धोरण खेड्यातल्या माणसापर्यंत पोचतं की नाही, हे आम्हाला याच ठिकाणी कळतं. म्हणून ते जाहीरपणे मांडतो आहे.

आमचा मुलूख धानाचा. आषाढ-श्रावणात चिचाळ, कोंढा, नेरला, पहेला, जिकडे जाल तिकडे बांध्यांत माणसं वाकलेली दिसतील, आणि त्यांत बाया जास्त. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, चिखलात उभं राहून दिवसभर रोवणी करायची. हात आणि पाय सतत तिथेच, जिथे बेडूक आणि उंदीर असतात आणि त्यांच्या मागावर साप असतात. कापणीनंतर धानाचे पुंजणे रचले जातात, त्यांच्या आडोशाला पुन्हा उंदीर. गोसेखुर्द धरणाचं पाणी जिथे पोचलं तिथे उन्हाळी धानही होऊ लागला, म्हणजे चिखलातले महिने वाढले. आपला राधानगरी-भुदरगडचा भागही भाताचा आणि मुसळधार पावसाचा आहे. त्यामुळे हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

नाग आणि घोणस शेतात भेटतात, मण्यार घरात येते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते आणि दंश इतका बारीक असतो की अनेकदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू काम सोडतात. घोणशीचं विष वेगळं. त्याने रक्त गोठणंच थांबतं, पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दोन्ही वेळा विष शरीरात आपलं काम सुरू करतं आणि दवाखान्याचा रस्ता जितका लांब, तितका त्याला वेळ मिळतो.

देशाचे आकडे आपल्या खात्याकडे असतीलच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि त्यातले जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. म्हणजे रोवणीच्या आणि निंदणाच्या दिवसांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. दुर्लक्ष का झालं, हे उघड आहे. हा आजार मोठ्या शहरातल्या मतदाराला होत नाही.

आता रस्त्याचं सांगतो. काही घरं अजूनही आधी झाडफूक करणाऱ्याकडे जातात. तिथे तास-दोन तास जातात आणि त्यात दोष आमचा, गावाचा. त्यावर आम्हीच बोललं पाहिजे. पण जे सरळ सरकारी दवाखान्यात जातात, त्यांचं काय होतं? विदर्भातल्या कोणत्याही तालुक्यात विचारा, उत्तर एकच येतं. सलाइन लावली, चिठ्ठी दिली, रेफर केलं. अड्याळहून भंडारा पंचवीसेक किलोमीटर, भंडाऱ्याहून नागपूर आणखी साठेक. १०८ची गाडी आली तर ठीक, नाहीतर कुणाची तरी भाड्याची गाडी. पहिली खरी मात्रा रुग्णाला मिळेपर्यंत घोणशीचं विष रक्तात भिनून गेलेलं असतं. मी हे एखाद्या रुग्णालयावर किंवा तिथल्या माणसांवर बोट ठेवून लिहीत नाही. सगळीकडे सारखंच घडत असेल, तर माणसं नव्हे, रचना बदलायला हवी.

डॉक्टर रेफर का करतो, हे समजून घेतलं पाहिजे. प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं. काही रुग्णांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर पित्त उठतं, रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. ३० खाटांच्या रुग्णालयात रात्रपाळीला एकटाच असलेला, कदाचित बंधपत्रावर नुकताच आलेला तरुण डॉक्टर विचार करतो: मी सुई दिली आणि रुग्ण इथे गेला तर दारातले पन्नास नातेवाईक मला विचारतील, वाटेत गेला तर कुणी विचारणार नाही. त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी असाच विचार केला असता. ही भीती परिपत्रकाने जात नाही. ती शिकवण्याने जाते आणि पाठीशी कुणी आहे या खात्रीने जाते.

कारण त्या प्रतिक्रियेवर औषध आहे. ॲड्रेनॅलिन वेळेवर मांडीत टोचलं की बहुतेक रुग्ण सावरतात. ते स्वस्त आहे. घोणशीचं विष भिनलं की नाही हे कळण्यासाठीही यंत्र लागत नाही. शिरेतलं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून पाहायचं. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष द्यायलाच हवं. मण्यारीच्या रुग्णाला पुढे न्यावं लागेल हे खरं, कारण त्याला कित्येक तास, कधी काही दिवस कृत्रिम श्वास लागतो. पण गाडीत त्याच्याजवळ हाताने अंबू बॅग दाबत राहणारा शिकलेला माणूस असला, तर तो भंडाऱ्यापर्यंत जिवंत पोचतो. पहिली मात्रा देऊन, सोबत माणूस देऊन पुढे पाठवणं याला उपचार म्हणता येईल. नुसत्या चिठ्ठीला तसं म्हणता येणार नाही.

हे खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात जमत नाही, असं कुणी म्हणेल तर आपल्याच राज्यातलं उदाहरण समोर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि पोरं दगावत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षणं लिहिली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं साधं औषध या दंशावर चालतं हे दाखवलं. जिथे शंभरात तीस-चाळीस मृत्यू होत, तिथे ते शंभरात एक-दोनपर्यंत खाली आले. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ तेव्हा ना अतिदक्षता विभाग होता, ना तज्ज्ञांचा ताफा. एक डॉक्टर पहिल्याच पायरीवर थांबला आणि रुग्णाला त्याने पुढे ढकललं नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असं माझं म्हणणं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा घेणं बंद झालं. हा निर्णय मोठा होता आणि त्याचा उपयोग मी रोज पाहतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, तेही चांगलंच. पण विम्याचं कार्ड नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाच्या दारात चालतं. अड्याळहून तिथवर जिवंत पोचण्याचं काम ते करत नाही. पैसा रस्त्याच्या शेवटच्या टोकाला भरपूर ठेवला आहे, सुरुवातीच्या टोकाला तुटपुंजा.

आणखी पुढच्या टोकाला तर मरणानंतरचा पैसा आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्या पैशाने कित्येक घरं तगली. पण योजना सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक सदस्य, एवढ्यांपुरती आहे. रोवणीच्या टोळीत दुसऱ्याच्या बांधीत राबणारी भूमिहीन बाई त्यात बसत नाही. चिखलात सगळ्यात जास्त वेळ तीच उभी असते. तिच्यासाठी मरणानंतरही काही नाही, म्हणून तिला जगवण्याची जबाबदारी आपल्या खात्यावर दुप्पट आहे. आणि एका रुग्णाला लागणाऱ्या प्रतिविषाच्या कुप्यांचा खर्च या २ लाखांच्या जवळपासही जात नाही.

सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी ढकललं की काय होतं, हे आमच्या जिल्ह्याला फार कडू रीतीने माहीत आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ती बाहेरून आणलेल्या बाळांच्या विभागात होती. आगीची कारणं वेगळी, चौकशा झाल्या, कारवाया झाल्या. तरी माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही: सात तालुक्यांतल्या सगळ्या नाजूक जिवांसाठी एकच दार ठेवलं, तर त्या दारामागे काही बिघडलं की जिल्ह्याजवळ दुसरं काही उरत नाही. तुमसर आणि साकोलीची उपजिल्हा रुग्णालयं, अड्याळ, पवनी, लाखांदूर, मोहाडीची ग्रामीण रुग्णालयं ही त्या दाराकडे जाणाऱ्या वाटेवरची नुसती थांबण्याची ठिकाणं राहू नयेत.

औषधाचा प्रश्न आपल्याला परका नाही. हाफकिनची संस्था आपल्या राज्याची, सर्पविषावरचं औषध बनवण्याचा अनुभव तिच्याजवळ आहे. आफ्रिकेत काय झालं ते पाहा. ‘सनोफी’ या कंपनीने तिथलं एक महत्त्वाचं प्रतिविष बनवणं २०१४ साली थांबवलं, कारण त्यात नफा नव्हता, आणि उरलेला साठा २०१६ साली मुदतबाह्य झाला. सरकारी कारखाना हाताशी असणं किती मोलाचं आहे, हे त्यावरून समजावं. शिवाय देशातलं प्रतिविष बनवायला लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या सापांचं असतं आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. विदर्भातल्या सापांच्या विषावर ते किती लागू पडतं, याचा अभ्यास हाफकिनकडून करवून घ्या. हे वर्ष-दोन वर्षांत होणारं काम नाही, पण सुरू तरी व्हावं.

केंद्राचा सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे, असं त्यात ठरलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं केंद्राने राज्यांना कळवलं. कर्नाटकाने हे त्याआधीच केलं होतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं, तेही २०२० पर्यंत. महाराष्ट्र तिथवर पोचलेला नाही. पैसे कुठून आणायचे हे आपण मंत्रिमंडळात भांडून ठरवा. त्या भांडणात आम्ही आपल्या बाजूने आहोत.

माझी विनंती अशी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष, ॲड्रेनॅलिन, काचेच्या नळ्या आणि अंबू बॅगा मृगाच्या आधी मोजून ठेवल्या जाव्यात आणि शिल्लक कुप्यांचा आकडा दारातल्या फळ्यावर रोज लिहिला जावा, गावाला वाचता येईल असा. रात्री दोन वाजताही अड्याळच्या डॉक्टरचा फोन उचलणारा एक फिजिशियन भंडाऱ्यात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेमलेला असावा. ठरलेल्या पद्धतीने उपचार केलेल्या डॉक्टरवर रुग्ण दगावला तरी कारवाई होणार नाही आणि त्याच्यावर हात उचलणाऱ्यावर डॉक्टरांवरचे हल्ले रोखणाऱ्या राज्याच्या २०१० च्या कायद्याने गुन्हा दाखल होईल, हे आपल्या सहीने लिहून द्या. पहिली मात्रा न देता पुढे पाठवलेल्या प्रत्येक विषबाधित रुग्णामागचं कारण मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांनी लेखी मागावं. आणि मुंडे योजनेत शेतमजूर बाया याव्यात यासाठी कृषिमंत्र्यांशी बोला.

या मागण्यांचा आदेश पुढच्या रोवणीआधी निघाला, तर त्याची प्रत ग्रामपंचायतीत लावायचं आणि झाडफूक सोडून लोकांना रुग्णालयात आणायचं काम आम्ही गावकरी अंगावर घेऊ. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
अड्याळ परिसरातला एक धान उत्पादक शेतकरी