गॅरेजला वीज न्यायची, पण कशी?

आवारात घरापासून सुटे गॅरेज असले की तिथे वीज न्यायचे काम बहुधा घाईत उरकले जाते. खिडकीतून एक वायर काढायची, कपडे वाळत घालायच्या तारेच्या आधाराने पलीकडे न्यायची आणि दिवा लावायचा. पूर्वी तेवढ्याने भागत असे. आता त्याच वायरवर विजेवरची स्कूटर चार्ज होते आणि पाण्याचा पंपही चालतो. ओली फरशी, अनवाणी पाय आणि लोखंडी शटर! अपघाताला आणखी काय हवे?

समुद्राकाठच्या गावांनी तर जास्तच जपायला हवे. चेन्नईत डिसेंबर २०१५ चा पूर आला, डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस झाला. दोन्ही वेळा वेळाचेरीसारख्या सखल वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी जमिनीलगतचे गॅरेज आधी बुडते.

नुसती नळी पुरत नाही

‘गॅरेजजवळ अर्थिंगची नळी पुरली आहे, आता काळजी नको,’ असे पुष्कळांना वाटते. थोडा हिशेब करून पाहा. नळी आणि जमीन यांच्यातला रोध समजा २० ओहम आहे. पंपाची वायर आतून सोलली आणि त्याच्या लोखंडी अंगाला २३० व्होल्टची वीज लागली, तर जमिनीत साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एम.सी.बी. एवढ्याने पडत नाही. पंपाला करंट येत राहतो आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. माणसाला मात्र अँपिअरचा अगदी लहानसा अंशही घातक ठरतो.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवाच. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. तो घरातल्या बोर्डावर, गॅरेजच्या लाइनच्या सुरुवातीलाच बसवावा, म्हणजे मधल्या केबललाही संरक्षण मिळते. पण तो बसवला म्हणून अर्थिंग टाळू नये. दोन्ही एकमेकांचे सोबती आहेत.

काम करून घेताना

• काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. गॅरेजसाठी घरच्या बोर्डावर स्वतंत्र एम.सी.बी. ठेवा.

• केबल तीन तारांची, आर्मर्ड आणि जमिनीखालून न्या. ती सुमारे पाऊण मीटर खोल, वाळूत बसवून वर विटा ठेवल्या की पुढे कुदळीचा घाव बसत नाही. अर्थची तार घरापासूनच सोबत यायला हवी.

• गॅरेजजवळची नळी किमान अडीच मीटर लांब, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची आणि भिंतीपासून दीड मीटर दूर असावी. घरून आलेली अर्थची तार, शटरची चौकट आणि केबलचे चिलखत यांना ती जोडून घ्या.

• गॅरेजमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कधीही एकत्र जोडू देऊ नका.

• प्लग जमिनीपासून निदान दीड मीटर उंच लावा. स्कूटरचा चार्जर तीन पिनांच्या प्लगलाच जोडा, एक्स्टेन्शन वायर नको.

तपासणी कधी?

बेसंट नगर, तिरुवान्मियूर या किनाऱ्याकडच्या भागांत जमीन रेताड आहे. रेती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, आणि खाऱ्या हवेने जोड गंजतात. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. ओल्या नोव्हेंबरात मोजलेले अर्थिंग चांगलेच दिसेल. खरी परीक्षा मे महिन्यात घ्या. आपल्याकडेही मृगाआधीच अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी.

आर.सी.सी.बी.वरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. न गेल्यास वायरमनला बोलवा आणि तोवर गॅरेजची लाइन बंद ठेवा.

पाणी चढू लागले की गॅरेजमध्ये धावत जाऊ नका. घरातूनच त्याचा एम.सी.बी. पाडा. ओसरल्यावरही वायरमनने तपासल्याशिवाय तो वर करू नका. आणि हे बटण कोणते, ते घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा.