भरती थांबली तरी

वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर या आठवड्यात ओळखीचा एक मुलगा टपरीवर चहा विसरून वहीत ढगांचे प्रकार लिहीत बसलेला दिसला. गोंदियाजवळ बिरसीला तो विमान चालवायला शिकतो, आणि सुटीत घरी आला की भेटणारा प्रत्येक काका विचारतो, ‘नोकरी लागली का बाप्पा?’ प्रश्न मायेचा आहे, पण वेळेआधीचा आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर; शिवाय हवामान, दिशादर्शन, नियम यांचे पेपर, आणि ७० टक्क्यांखाली पास नाही. विमान कंपन्यांच्या भरतीच्या बातम्या चाळून यातलं काहीच होत नाही. या कंपन्या बुडतात, तशा वाढतातही: २०१२ साली किंगफिशर बंद पडली, २०१९ साली जेट, २०२३च्या मे महिन्यात गो फर्स्ट. आणि पुढच्याच महिन्यात इंडिगोनं एकदम ५०० विमानांची मागणी नोंदवली. भाव पडला म्हणून आपला शेतकरी पऱ्हाटीचं निंदण सोडत नाही. प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता खरा आहे, घरच्यांची झोप उडते हेही खरं. तरी भरती थंड असताना अभ्यास सैल सोडणं ही सरळ चूक आहे, कारण भरती उघडते तेव्हा तयार असलेल्यालाच बोलावणं येतं. म्हणून पोरांनो, परवाना मिळाल्यावर नोकरी नसेल तर प्रशिक्षक व्हायची तयारी करा, हात उड्डाणात ठेवा, आणि वैद्यकीय तपासणीची तारीख एकदाही चुकवू नका.