पाटाकडेची सायकलवाट

राज्य शासनाने 2018 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. तेव्हापासून इथल्या पर्यटनाचा विषय निघाला की बोलणे बहुतेक रस्त्याची रुंदी, गाड्या लावायची जागा आणि गडावरच्या सोयी यांवरच येऊन थांबते. पर्यटन तालुका कितपत जमला हे जोखायला मला वेगळे माप योग्य वाटते. शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेली चाळिशीतली बाई आणि तिचा नवरा अशा दोघांनी सकाळी सायकली घेऊन निघावे, चार गावे पाहावीत, कुणाच्या तरी ओसरीवर जेवावे आणि ऊन उतरायच्या आत परतावे, तेही निर्धास्तपणे. हे जिथे सहज घडते, तिथली वाट शाळेच्या मुलींना आणि डेअरीला दूध घालायला निघालेल्या आजोबांनाही सोयीची असते. म्हणून जुन्नर आणि शेजारचा आंबेगाव तालुका मिळून एक दिवसाची सायकलवाट आखावी आणि ती आखताना असे जोडपेच डोळ्यांसमोर ठेवावे, असे माझे म्हणणे आहे.

अशी वाट नव्याने बांधावी लागणार नाही. तिचा बराचसा भाग पाण्यानेच आखून ठेवला आहे. कुकडी, मीना, घोड आणि त्यांच्या उपनद्यांवर माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव, डिंभे अशी धरणे झाली आणि त्यांच्या कालव्यांनी दोन्ही तालुक्यांचा मधला पट्टा विणला गेला. डिंभ्याचा डावा कालवा तर घोड नदीचे पाणी थेट येडगावच्या जलाशयात आणून सोडतो, म्हणजे आंबेगाव आणि जुन्नर पाटाने आधीच जोडलेले आहेत. कालवा डोंगर चढत नाही, तो उताराला वळसा घालत जातो, त्यामुळे त्याच्या कडेचा देखभालीचा रस्ताही जवळजवळ सपाट राहतो. सवय नसलेल्या पायांना यापरते काय हवे? पाट सोडून गावरस्त्यांना लागले तरी जुन्नर, लेण्याद्री, ओझर, येडगाव, नारायणगाव ही फेरी एका दिवसात आरामात होते. निवांत चालीनेही ते दिवसभराचे काम नाही. उरलेला दिवस लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाच्या पायऱ्या चढायला, तिथल्या बौद्ध लेण्यांतल्या गारव्यात टेकायला आणि धरणाकाठी बसायला मोकळा राहतो.

आता या दोघांच्या फिरण्याने गावाला काय मिळते ते पाहू. अष्टविनायकांपैकी दोन गणपती जुन्नर तालुक्यातच आहेत, त्यामुळे माणसे येण्याची वाण नाही. पण आठ दर्शने दोन-तीन दिवसांत उरकायची म्हटल्यावर गाडी देवळापाशी थांबते आणि पुढच्या देवळाकडे धावते. मधली गावे काचेतून मागे पडतात. सायकलवाल्याला मात्र भूक लागते, तहान लागते, चाक पंक्चर होते. त्याला दर पाच-सहा किलोमीटरवर कुणीतरी लागतेच, मग ते मासवडी-भाकरी करणारा बचत गट असो, द्राक्षबागेच्या बांधावर फळे विकणारे कुटुंब असो, की पंक्चर काढणारा पोरगा. न्यूझीलंडमध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर ओटागोची 152 किलोमीटरची सायकलवाट 2000 मध्ये खुली झाली. रेल्वे गेल्यावर मागे पडलेल्या तिथल्या लहान वस्त्यांना खाणावळी आणि मुक्कामाच्या घरांमुळे पुन्हा काम मिळाले. फ्रान्समधला सतराव्या शतकातला मिदी कालवा 240 किलोमीटरांचा आहे. नावा ओढण्यासाठी केलेल्या त्याच्या काठच्या वाटेवर आज लोक चालतात, सायकली चालवतात. रेल्वेची आणि पाण्याची जुनी कामे दुसऱ्यांदा उपयोगी पडतात, हा त्यातला धडा आपण घ्यावा.

सर्वांत मोठा आक्षेप बिबट्याचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. उसाच्या फडात पिढ्या वाढवलेला बिबट्या इथे पाहुणा राहिलेला नाही. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र त्याचीच साक्ष आहे. या पट्ट्यात माणसे दगावली आहेत, त्यांत लहान मुले आहेत. म्हणूनच ही वाट फक्त दिवसाची असावी. सूर्य चांगला वर आल्यावर ती उघडावी, मावळतीच्या तासभर आधी बंद व्हावी आणि वनविभागाचा इशारा असेल त्या दिवशी तो टप्पा उघडूच नये. बिबट्याचा वावर मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत असतो, त्यामुळे वेळेचा नियम पाळला तर धोका पुष्कळ कमी होतो, संपत मात्र नाही. पण याच आक्षेपातून एक अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. शेतीची वीज रात्री आली की अंधारात दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे काय? सायकलवरच्या पाहुण्याच्या सुरक्षेसाठी जी तत्परता दाखवाल, ती आधी त्याच्यासाठी दाखवावी लागेल. दिवसा वीज, वस्तीवर दिवे आणि वनविभागाची वेळेवर खबर या गोष्टी सायकलवाटेच्या आराखड्यात पहिल्या पानावर हव्यात.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा. पाटाचा रस्ता पाटबंधाऱ्याच्या देखभालीसाठी आहे, त्यावरून शेतमाल निघतो, पाण्याच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, मग अनोळखी माणसे कशाला हवीत? शंका रास्त आहे. म्हणून सरसकट सगळे कालवे खुले करू नयेत. ग्रामपंचायत आणि पाणीवापर संस्था ज्या टप्प्याला होकार देतील तेवढाच घ्यावा, पलीकडे गावरस्ता वापरावा. आवर्तन सुरू असताना काठोकाठ वाहणारा कालवा जीवघेणा असतो. अशा जागी कठडा हवा, नाहीतर वळसा हवा. गाळप हंगाम आणि सायकलीला चांगला असा थंडीचा काळ एकच, तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांचे रस्ते वाटेतून वगळावेच लागतील. पुणे-नाशिक महामार्ग ओलांडायचा तो भुयारी मार्गानेच. आणि रस्त्यावर सिमेंट ओतायचा मोह टाळावा. दाबलेला मुरूम सायकलीला पुरतो आणि गाड्यांना वेग घेऊ देत नाही.

राहता राहिला तो टोमणा, की ही शहरी हौस आहे. हौस आहेच, पण तिची किंमत कुणी मोजली आणि फळ कुणाला मिळते, हा खरा प्रश्न. मूळ आंबेगाव हे गाव डिंभ्याच्या जलाशयात बुडाले. तालुका आज केवळ त्याचे नाव वागवतो आहे. ज्यांच्या जमिनी धरणात आणि पाटात गेल्या, त्यांच्या घरांना या वाटेवरच्या खाणावळी आणि भाड्याच्या सायकली चालवायचा पहिला हक्क असावा. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. वेगवान शर्यतीसाठी जिल्हा रस्ते सज्ज करू शकतो, तर संथ चालीच्या दोघांसाठी दहा किलोमीटरचा एक टप्पाही करू शकतो. येत्या हिवाळ्यात तेवढाच करून पाहावा: पाणी, बाईला वापरता येईल असे स्वच्छतागृह, दिशादर्शक पाट्या, एवढे पुरे. वर्षाने त्या वाटेवर पाहुण्या जोडप्यांच्या बरोबरीने गावातल्या मुली सायकली चालवताना दिसल्या, तरच पुढचा टप्पा घ्यावा.